पांढरी रोपं आणि आईचे उपास

पान पांढरं पडतंय हे पेशीच्या केंद्रकाला कसं कळतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. ज्या वर्षी मी त्यावर दिवसदिवस डोकं लावून बसत होते, त्याच वर्षी आमच्या दोन खोल्यांच्या घरात आईला अन्न गिळता येत नव्हतं आणि ते आम्हाला कळलं नाही. हे ऐकून ‘काय योगायोग’ म्हणणारे लोक मला पुढे भेटले. त्यांच्याशी मी पुन्हा फारसं बोलले नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. आम्ही अंधेरी पूर्वेला एका चाळीत राहायचो. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते मरोळच्या एका कारखान्यात खोकी बांधायला लागले. आई-बाबा दोघंही मालवणकडचे, घरात मालवणीच बोलायचे. मी मात्र शाळेतल्या मराठीत उत्तरं द्यायची, आणि मग बाबा शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “मॅडम आयली.” त्यांना माझा अभिमान होता, पण तो सरळ बोलून दाखवायची आमच्याकडे रीत नव्हती.

पवईच्या अलीकडे एका छोट्या संशोधन संस्थेत मला शिष्यवृत्ती मिळाली होती. काम असं होतं: तणनाशक घातलेल्या पाण्यावर मक्याचं बी रुजवायचं. पानात हिरव्या रंगाच्या सोबतीला एक पिवळा-नारिंगी रंगही असतो. भर उजेडात हिरव्याला जळू न देणं हे त्याचं काम. हे तणनाशक तो पिवळा रंग तयारच होऊ देत नाही. अशी रोपं अंधुक उजेडात ठेवली तर तग धरतात. लख्ख उजेडात ठेवली की आतलं हिरवं जळतं, ते ज्यात राहतं ती हरितलवकं मोडून पडतात, आणि पान पांढरंफटक होतं.

हरितलवक म्हणजे पानाच्या पेशीतला हिरवा कण. उजेड पकडून झाडाचं अन्न शिजवणारा. पण त्याला लागणारं बरंचसं सामान तो स्वतः बनवत नाही. ते बनवायचे हुकूम केंद्रकातून सुटतात आणि तयार सामान कणाकडे पोचतं. पुस्तकांत इतकी वर्षं बाण त्या एकाच दिशेने काढलेला असायचा, केंद्रकाकडून कणाकडे. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर उलटा बाण काढला. “कण मोडला की केंद्रक त्याच्या सामानाचे हुकूम थांबवतं. याचा अर्थ त्याला खबर लागते. ती खबर कोण नेतं, कशी नेतं, कोणालाच माहीत नाही. शोधा.” एवढं बोलून त्या चहाला गेल्या. बाई कमी बोलायच्या, आणि मला ते आवडायचं.

त्या आषाढात एका शनिवारी टाकून द्यायची थोडी रोपं मी एका पेल्यात घालून घरी नेली. बाबांना दाखवायची होती. बाबा कामावर होते, म्हणून आईला दाखवली. ती वाटण वाटत होती. तिने मान वाकडी करून बघितलं.

“ही काय भुताची शेती?”

मी हसले आणि समजवायला बसले. पेशी, केंद्रक, कण हे शब्द तिला सांगून उपयोग नव्हता, म्हणून गावचं घर घेतलं. म्हटलं, समज, गावचं घर म्हणजे हा हिरवा कण. मुंबईत कमावणारा माणूस म्हणजे केंद्रक. तो इथून कौलं, खिळे, रंगाचे डबे पाठवतो. आता पावसात घर कोसळलं, तर तो काय करेल?

“कोसळला तर कौला कित्याक पाठवीत?”

“हां, तेच. तो पाठवायचं थांबवतो. ह्या पांढऱ्या रोपांत तेच होतं. खालचं मोडलं की वरचं काम बंद.”

आईने वरवंटा थांबवला. “पण घर पडला ह्या त्या मुंबैकाराक सांगता कोण?”

“तेच तर शोधतोय आम्ही.”

“आणि कोणी सांगूकच नाय तर?”

“तर पाठवत राहील बिचारा. त्याला काय कळणार?”

“मगे ताच बरा,” ती म्हणाली आणि पुन्हा वाटायला लागली. मी उठले तेव्हा तिने सांगितलं की ती पांढरी पानं देवाच्या बाजूला ठेवू नकोस, बाहेर टाक. मी ती गॅलरीतल्या तुळशीच्या डब्यामागे ठेवली, आणि ती तिथेच वाळून गेली. तेव्हा तिच्या घशाशी काही सुरू झालं होतं का, हे मी पुढे किती वेळा मनात मांडून पाहिलं असेल. नक्की सांगता येत नाही.

मग श्रावण लागला, आणि आईचे उपास सुरू झाले. सोमवार ती आधीपासूनच करायची. त्या वर्षी शनिवार धरला, मग गुरुवारही. मध्ये एकादश्या, चतुर्थ्या होत्याच. कोकणातल्या घरात श्रावणात बाईने उपास वाढवले तर कोणी कारण विचारत नाही. उलट आमच्या शेजारणींनी तिच्याकडे जरा आदरानेच बघायला सुरुवात केली. एक तर आपल्या नव्या सुनेला घेऊन आईच्या पाया पडायला आली. बाबा आपल्या पद्धतीने चेष्टा करायचे.

“तेहतीस कोटी देव आसत. सगळ्यांका ह्याच वर्षात खूश करतलंस काय?”

आई हसायची. हसताना ती पदर तोंडाशी धरायची, पण ते तर ती नेहमीच धरायची.

सुरुवातीला साबुदाण्याची खिचडी असायची. मग म्हणाली, साबुदाणा पोटात जड होतो. वरीचे तांदूळ करायला लागली, तेही दिवसेंदिवस पातळ. गणपती गेल्यावर कुस्करलेलं केळं आणि दूध. मग नुसतं दूध, आणि त्याला तिने नाव दिलं ‘कडक उपास’. आज हे असं एकाखाली एक लिहिताना कोणालाही दिसेल की घास बारीक होत चालला होता. तेव्हा ते कॅलेंडरवर पसरलेलं होतं, प्रत्येक पायरीला एक वार होता आणि प्रत्येक वाराला एक देव होता. आणि उपास नसलेल्या दिवशी ती आमच्या नंतर जेवायची. “तुमी जेवा, माजा मगे,” हे वाक्य मी जन्मापासून ऐकत होते. बाईमाणसाचं ताट आमच्याकडे कोणी बघितलेलंच नसतं. मला आजही याचा राग येतो, आणि तो कोणा एकावर काढता येत नाही म्हणून जास्त येतो.

वर्सोव्याहून एक कोळीण आमच्या चाळीत मासे घेऊन यायची. श्रावणात तिचा फेरा नसायचाच, पण गणपतीनंतर ती आली तेव्हाही आईने टोपलीवरचा कपडा उचलू दिला नाही. दोन-तीनदा असं झाल्यावर तिने मला जिन्यात गाठलं.

“काय गो, तुजी आय म्हावरा आता कोनाकडशी घेते?”

“कोणाकडून नाही. उपास आहेत तिचे.”

“एवरे उपास?” तिचा विश्वास बसला नाही. तिला वाटलं आईने दुसरी कोळीण धरली. महिनाभर ती आमच्या दारावरून तोंड फिरवून जायची. आईला त्याचं फार वाईट वाटलं. कोणी तिच्यावर रुसलेलं तिला चालायचं नाही. तरी खरं कारण काही तिने कोळणीलाही सांगितलं नाही.

नवरात्र आलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाली की तुमच्याकडचं चांगलं बी असेल तर थोडं आण, रुजवणीला घालू. मी तणनाशक न लावलेला मका आणला. तिने पत्रावळीवर माती पसरली, मधे घट ठेवला, भोवती बी पेरलं, आणि देवाच्या खालच्या अंधाऱ्या कोनाड्यात ते सगळं ठेवलं. उजेड लागू नये म्हणून वरून परडी पालथी घातली. आमच्याकडे रुजवण पिवळीच हवी असते. दसऱ्याला ती देवाला वाहायची, घरच्यांनी कानावर, डोक्यात खोवायची. रुजवण दाट आली तर वर्ष चांगलं जाणार, असं समजतात.

त्या वर्षी रुजवण फारच दाट आली. परडी वर उचलली गेली होती. आई खूश होऊन माझ्याकडे बघत म्हणाली, “तुजी पांढरी, माजी पिवळी.”

मी लगेच शिकवायला लागले, सवयच होती. म्हटलं, ही पिवळी आजारी नाहीत. त्यांना उजेड मिळालेला नाही एवढंच. आत्ता उन्हात ठेवलीस तर संध्याकाळपर्यंत हिरवी व्हायला लागतील. माझी पांढरी आहेत ना, ती मात्र परत हिरवी होत नाहीत.

“कायच करूक येणा नाय?”

“नाही. उजेडात जळून गेलं ते गेलं.”

ती थोडा वेळ परडी हातात धरून बसली. मग ती पुन्हा पालथी घातली. ते नऊ दिवस तिने निरंकार केले, म्हणजे दूध-पाण्याशिवाय काही नाही. मला संताप आला होता. मी तिला म्हटलं, देवाला काय पडलंय तुझ्या उपाशी राहण्याचं? बाबा म्हणाले, जाऊ दे गो, तिची श्रद्धा आहे. श्रद्धा म्हटल्यावर मी गप्प बसले. एम.एस्सी. झालेल्या मुलीने आईच्या श्रद्धेला नावं ठेवू नयेत, असं माझ्यावरही बिंबलेलं होतंच.

दसऱ्याला वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं. तिनेच केलं, सकाळपासून उभं राहून. देवाला रुजवण वाहिली, बाबांच्या टोपीत खोवली, माझ्या कानामागे लावली. तिने हात वर केला तेव्हा तिच्या हिरव्या बांगड्या खळकन कोपरापर्यंत घसरल्या. कोपरापर्यंत. बाबांनीही ते पाहिलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, “आज तू आमच्यावांगडा जेवूक बस. नव दिवस झाले.”

ती नको म्हणाली, मग पुन्हा नको म्हणाली. बाबांनी तिचं ताट स्वतः वाढलं. तिने वड्याचा एक तुकडा सांबारात पुष्कळ वेळ भिजवला. तोंडात घातला. चावत राहिली. आम्ही दोघं तिच्याकडेच बघत होतो, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तिला जेवताना बघत होतो. तिने गिळलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठून मोरीत गेली. मी मागे गेले. ती भिंतीला धरून ओकत होती. मी पाठीवर हात ठेवला तर हाताला मणके लागले, एकेक वेगळा.

“कधीपासून?” मी विचारलं.

“श्रावणाच्या आदीपासून,” ती म्हणाली. दूधवाला कधी येऊन गेला ते सांगावं, तसल्या आवाजात.

इस्पितळात तिला एक पांढरं, खडूसारखं औषध प्यायला दिलं आणि एक्स-रे काढले. डॉक्टरांनी फिल्म काचेवर लावली. प्रयोगशाळेत वर्षभर मी फिल्मच वाचत होते. माझ्या फिल्मवर काळा ठिपका दिसला की केंद्रकाचे हुकूम चालू आहेत, ठिपका नसला की बंद. ही फिल्म मला कोणी शिकवली नव्हती, तरी वाचता आली. घशातून उतरणारी पांढरी धार वर रुंद होती, मध्ये एका जागी ती शिवणाच्या दोऱ्याएवढी होत होती, आणि त्या जागेच्या कडा कुरतडल्यासारख्या होत्या.

“इतके महिने काय करत होतात तुम्ही?” डॉक्टर बाबांना म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, दमलेले होते.

“उपास होते तिचे, साहेब,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं, मग फिल्म उतरवली आणि पाकिटात घातली. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेल्याचं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. बाबांना ते मी सांगितलं. रिक्षा स्टँडच्या कोपऱ्यावर उभं राहून सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं की घरी नेऊन चालेल ना.

मी प्रयोगशाळेत जाणं बंद केलं. आईच्या पोटात नळी घातली होती, त्यातून दूध, भाताची पेज, गाळलेलं सूप द्यायचं असायचं. ते मी करायचे. रोपं वाळली असतील, बाटल्यांत बुरशी आली असेल, असं कधीतरी मनात यायचं, आणि त्याचं काहीच वाटायचं नाही. बाई एकदा घरी आल्या, आईच्या खाटेशी बसल्या, माझ्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही.

थंडीचे दिवस होते. एका दुपारी बाबा कामावर गेले होते आणि मी नळीत पेज ओतायचं नरसाळं धुवत होते. आईचा आवाज तोवर अगदी बसला होता. तिने हाताने जवळ बोलावलं.

“कामाक जाणस नाय?”

“नाही. जाईन नंतर.”

“म्हणानच सांगूक नाय मी,” ती म्हणाली.

मी नरसाळं खाली ठेवलं. तिला दोन वाक्यांच्या मध्ये थांबावं लागायचं, आणि मी थांबले.

“तूच सांगलंलंस ना. खालचा मोडला ह्या वर कळला की वरचा काम थांबता. तुजा थांबला आसता. बग, आता थांबला.” मग पुन्हा दम घेऊन, “तेवडे म्हयने तरी चलला ना.”

मी तिच्यावर ओरडले. आजारी माणसावर कोणी ओरडत नाही, मी ओरडले. म्हटलं, ती रोपं आहेत गं, मक्याची रोपं, तू माझी आई आहेस. ती माझा हात थोपटत राहिली, मी लहानपणी हट्ट करायची तेव्हा थोपटायची तशी. तिने माझं म्हणणं बरोबर समजून घेतलं होतं. माझ्या बाईंच्या आधी, परीक्षकांच्या आधी, माझं काम नीट समजलेली ती पहिली व्यक्ती होती. समजल्यावर तिने स्वतःच्या जिवाशी त्याचा जो उपयोग केला, तो मला अजून पचलेला नाही.

फाल्गुनात ती गेली. चाळीतल्या बायका म्हणाल्या, किती उपास केले हो तिने, पुण्यवान बाई. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढे मी कामावर परत गेले. मी सोडून आले होते त्या प्रयोगाची फिल्म बाईंनी जपून ठेवली होती. अंधुक उजेडातल्या रोपांच्या जागी काळा ठिपका होता. लख्ख उजेडातल्या पांढऱ्या रोपांच्या जागी काहीच नव्हतं. अगदी स्वच्छ निकाल. बाईंनी फिल्म माझ्या हातात दिली आणि खोलीतून बाहेर गेल्या. त्या रिकाम्या जागेकडे बघत मी पुष्कळ रडले. मक्याला सुद्धा कळलं होतं. भिंती नाहीत, दारं नाहीत अशा पेशीतल्या एवढ्याशा जागेत खबर पोचली होती, आणि मिळालेल्या खबरीवर कोणीतरी काम थांबवलं होतं.

बऱ्याच वर्षांनी, मी शिकवायला लागले तेव्हा, अशी रोपं सापडल्याचं वाचलं की ज्यांच्यात ही खबर वर पोचतच नाही. कण मोडलेला असतो, पान पांढरं असतं, आणि केंद्रक आपलं हुकूम सोडत राहतं, जे घर उरलेलंच नाही त्याच्यासाठी. वर्गात ते समजावून सांगताना एका मुलीने विचारलं, त्याचा रोपाला काय फायदा? मी म्हटलं, काही नाही. आणि मला आमचं त्या चैत्रातलं घर आठवलं.

आईला जाऊन महिना उलटला होता. रविवारी सकाळी बाबा काही न सांगता बाहेर पडले आणि उन्हं चढल्यावर घामाघूम होऊन परतले. वर्सोव्याला, बंदरावर जाऊन आले होते. आमची कोळीण तिथे भेटली होती. आईबद्दल ऐकून ती टोपली सोडून रडली, असं ते बूट काढत म्हणाले. पिशवी माझ्या हातात दिली. आत सुरमईचे तुकडे होते, आणि कागदात वेगळं बांधलेलं डोकं. बाबा कधी डोकं खात नाहीत, मलाही आवडत नाही. आमच्या घरात ते फक्त आई खायची, सगळ्यांच्या मागून, सावकाश, चोखून.

बाबा बाहेर खाटेवर जाऊन बसले. मी डोकं धुतलं, हळद-मीठ लावलं, आणि कालवणाला उकळी आल्यावर त्यात सोडलं.